इस्लामी कायदा वाचायला घेताना पहिलं पुस्तक कोणतं? माझ्या मते 'हिदाया' नव्हे

शाईकागद

इस्लामी कायद्यावर काहीतरी वाचायचंय असं कुणी म्हटलं की हमखास एकच नाव पुढे येतं. चार्ल्स हॅमिल्टनचा इंग्रजी 'हिदाया'. एकतर १७९१ ची चार खंडांची आवृत्ती, नाहीतर ग्रेडीने १८७० मध्ये काढलेली एका खंडातली. नवख्या वाचकाच्या हाती हे पुस्तक आधी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली अडचण म्हणजे हे भाषांतराचं भाषांतर आहे. मूळ ग्रंथ अरबी, फरगाना खोऱ्यातल्या मर्गीनानचे बुर्हानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू ११९७) यांचा. गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कलकत्त्यात मौलवींकडून त्याचं फारसी करून घेतलं गेलं आणि हॅमिल्टनने त्या फारसीचं इंग्रजी केलं. मौलवींनी अवघड जागी टीकाग्रंथांतली स्पष्टीकरणं थेट मजकुरात मिसळली. त्यामुळे मर्गीनानींचं वाक्य कुठे संपतं आणि नंतरच्या टीकाकाराचं कुठे सुरू होतं, हे इंग्रजीत कळायला मार्गच उरत नाही. वर तहारत, नमाज, रोजा, हज ही प्रकरणं हॅमिल्टनने गाळली. उपासनेच्या भागातून फक्त जकात, म्हणजे मालमत्तेवरचं सक्तीचं धर्मदान, ठेवली. मूळ ग्रंथ उपासनेपासून सुरू होतो आणि मग व्यवहाराकडे वळतो. तो क्रमच गेला की हे निव्वळ दिवाणी कायद्याचं पुस्तक आहे असं वाटायला लागतं.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. हा एकाच मझहबचा, हनफी पंथाचा ग्रंथ. नवख्याला तो सगळ्या इस्लामचा कायदा वाटतो.

त्याऐवजी इब्न रुश्द (मृत्यू ११९८) यांचं 'बिदायतुल मुज्तहिद' घ्या. मूळ अरबीवरून केलेलं इम्रान नियाझी यांचं इंग्रजी भाषांतर मिळतं. या ग्रंथात प्रत्येक प्रश्नावर कोणाचं काय मत आहे ते येतं आणि लगेच मतभेद का झाला तेही येतं. कुराणात (२:२२८) तलाक झालेल्या स्त्रीने तीन 'कुरू' थांबावं असं आहे. या शब्दाचा अर्थ अरबीत पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ असाही. हनफी पाळी धरतात, मालिकी आणि शाफिई हे दुसरे सुन्नी पंथ शुद्धी. तलाक शुद्धीच्या दिवसांत दिला असेल तर शुद्धीवाल्यांच्या हिशेबात तो उरलेला काळ पहिला कुरू ठरतो आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत, म्हणजे पुन्हा निकाह करण्याआधी थांबायचा काळ, संपते. हनफींच्या हिशेबात तिसरी पाळी पूर्ण व्हावी लागते. शुद्धीवाले व्याकरणाकडे बोट दाखवतात: अरबीत तीन ते दहा या संख्या नामाच्या उलट लिंगाचं रूप घेतात, इथे 'सलासता' हे रूप आहे, म्हणजे नाम पुल्लिंगी, शुद्धीचा शब्द 'तुहर' पुल्लिंगी, पाळीचा 'हैदा' स्त्रीलिंगी. हनफी म्हणतात, तुमच्या मोजणीत दोन आणि एक तुकडा भरतो, कुराण तर पूर्ण तीन सांगतं. एका शब्दावरून अख्ख्या शास्त्राची रीत दिसते. पहिल्या पुस्तकाने वाचकाला हे दाखवायला हवं.

हाशियावाला

चूक हॅमिल्टनची आणि शिक्षा मर्गीनानींना, हे काही पटलं नाही. नियाझींनीच 'हिदाया'चंही थेट अरबीवरून भाषांतर केलं आहे. ते वापरा, तुमची पहिली अडचण तिथेच मिटते.

आणि 'हिदाया'त मतभेद नाहीत असं कुणी सांगितलं? फक्त तो वाचायची रीत माहीत हवी. ती कुणी सांगत नाही, म्हणून लोक अडखळतात. मर्गीनानी आधी दुसऱ्याची बाजू मांडतात आणि त्यांना पटलेल्या मताचा पुरावा सहसा शेवटी देतात, म्हणजे तोच आधीच्या बाजूंना उत्तर होतो. पहिला परिच्छेद वाचून पुस्तक मिटलं तर नेमकं उलटं मत डोक्यात बसतं. 'अल-किताब' असं आलं की सहसा कुदूरींचा (मृत्यू १०३७) संक्षेप समजायचा, 'अल-अस्ल' आलं की इमाम मुहम्मद शैबानींचा (मृत्यू ८०५) मोठा ग्रंथ. 'इंद' म्हणजे त्या इमामाचं अधिकृत मत, 'अन' म्हणजे त्याच्याकडून आलेली एखादी रिवायत, म्हणजे कथन. भाषांतरात दोन्ही 'यांच्या मते' झाले की अर्थ कोलमडतो.

वलीच्या, म्हणजे वधूच्या पालकाच्या, प्रकरणातलं गाजलेलं वाक्यच घ्या. सज्ञान, समंजस, स्वतंत्र स्त्रीचा निकाह तिच्या संमतीने, वली नसतानाही, होतो: हे हनफी पंथाचे संस्थापक अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांच्याकडे ('इंद'), जाहिरुर्रिवायेनुसार, म्हणजे पंथात सर्वांत भरवशाच्या मानलेल्या कथनानुसार. पुढे अबू यूसुफ यांच्याकडूनच ('अन') रिवायत आहे की वलीशिवाय होत नाही. आणि दुसरे शिष्य मुहम्मद (शैबानी) यांच्याकडे ('इंद') निकाह होतो, पण अधांतरी राहतो. एका वाक्यात तीन थर आहेत, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

आता तुमच्या इब्न रुश्दांकडे येतो. ते कोर्डोबाचे मालिकी. मतं कोणाची हे सांगताना आपली मुख्य भिस्त इब्न अब्दुल बर्र यांच्या 'इस्तिझ्कार'वर आहे, असं ते स्वतःच नोंदवतात. तोही मालिकी ग्रंथ. म्हणजे हनफी मत तिथे परक्याच्या तोंडून ऐकू येतं, आणि हनफींमधलं आतलं वजन, म्हणजे कुठलं मत फतव्यासाठी चालतं आणि कुठलं नुसतं नोंदलेलं आहे, ते त्यात सापडत नाही. मतभेदाचा नकाशा म्हणून ग्रंथ सुंदर आहे. त्या नकाशावरून घर बांधता येत नाही.

अदालतदप्तर

दोघंही एक गोष्ट विसरताय. भारतातला मुस्लिम कायदा समजून घ्यायचा असेल तर हॅमिल्टन टाळताच येत नाही, कारण न्यायाधीशांनी तोच वाचला! १७७२ च्या हेस्टिंग्ज योजनेत वारसा, विवाह वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचं ठरलं. तो सांगायला अदालतीत मौलवी असत. १८६४ मध्ये ती पदं रद्द झाली आणि न्यायाधीशासमोर उरली फक्त पुस्तकं: हॅमिल्टन, वारशासाठी विल्यम जोन्सचं 'सिराजिया' (१७९२) आणि पुढे बेलीचं 'डायजेस्ट' (१८६५), जे मुख्यतः औरंगजेबकालीन 'फतावा आलमगिरी'वर उभं आहे.

१८९७ मध्ये विधवेच्या पोटगीवरून कुराणाच्या आयतीचा थेट आधार घ्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 'हिदाया' आणि शियांचा 'इमामिया' यांच्याविरुद्ध आयतीचा स्वतंत्र अर्थ लावायला नकार दिला. म्हणजे ही पुस्तकंच कायदा होऊन बसली. मूळ बरोबर की चूक, हा अभ्यासकाचा प्रश्न. निकाल कशावरून लागले हे शोधणाऱ्याने आधी हॅमिल्टन आणि त्याच्या शेजारी आसफ फैझींचं 'आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ' (१९४९) ठेवावं.

शाईकागद

अदालतदप्तर, तुमच्याच दाखल्यांनी माझी बाजू भक्कम होते. १८९४ चा अबुल फता खटला पाहा. कुटुंबासाठी केलेला आणि शेवटी गरिबांकडे जाणारा वक्फ प्रिव्ही कौन्सिलने अवैध ठरवला, कारण गरिबांचा वाटा त्यांना नाममात्र वाटला. इंग्रजी 'चॅरिटी'ची कल्पना घेऊन वाचलं की हेच होतं. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्रात, आपल्या नातलगांना देणं हेही पुण्यच धरलेलं आहे. कलकत्ता हायकोर्टात अमीर अली यांनी १८९२ मध्येच उलट बाजू तपशिलात मांडली होती. शेवटी १९१३ चा कायदा करून निर्णय फिरवावा लागला, आणि तो आधीच्या वक्फांना लागू व्हायला १९३० चा आणखी एक कायदा लागला. एका चुकीच्या वाचनाची ही किंमत.

हाशियावाला

वक्फाचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात आणखी एक खोच आहे. 'हिदाया'तलं वक्फाचं प्रकरण उघडलं की सुरुवातीलाच अबू हनीफांचं मत भेटतं: काझीने हुकूम दिल्याशिवाय (किंवा वक्फ मृत्यूशी बांधलेला नसल्यास) देणाऱ्याची मालकी सुटत नाही. अबू यूसुफ म्हणतात, नुसत्या उच्चाराने सुटते. मुहम्मद म्हणतात, मुतवल्लीच्या, म्हणजे वक्फाच्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात द्यावं लागतं. उत्पन्न स्वतःसाठी राखून ठेवायची मुभा अबू यूसुफ देतात. प्रत्यक्ष व्यवहार अबू हनीफांच्या मतावर चाललाच नाही. म्हणून म्हणतो, टीकेशिवाय मूळ वाचू नका: शेजारी इब्नुल हुमाम (मृत्यू १४५७) यांचं 'फतहुल कदीर' हवं, आणि आजचा फतवा कळायला इब्न आबिदीन (मृत्यू १८३६).

अदालतदप्तर

सगळेच न्यायाधीश आंधळेपणाने वाचत नव्हते. अलाहाबादच्या न्या. सय्यद महमूद यांचा १८८६ चा अब्दुल कादिर वि. सलीमा हा निकाल जरूर वाचा. तत्काळ देय महर, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम, मिळाला नसेल तर सहवास घडून गेल्यावरही पत्नी नकार देऊ शकते का, हा प्रश्न होता. अबू हनीफा म्हणतात, देऊ शकते. दोन्ही शिष्य म्हणतात, नाही. महमूद यांनी मूळ अरबी ग्रंथ धुंडाळून तिघांपैकी दोघं ज्या बाजूला ती बाजू धरली. मताचं वजन ठरवायची रीत निकालातच लिहिलेली सापडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोकणकडा

तुम्ही तिघंही हनफी अंगणातच फिरताय. भारतातला सुन्नी म्हणजे हनफी असं न्यायालयं गृहीत धरतात, पण कोकणी मुसलमान आणि मलबारचे मापिला शाफिई आहेत. त्यांच्यासाठी आधारग्रंथ आहे नववी (मृत्यू १२७७) यांचा 'मिन्हाज'. आणि फरक किरकोळ नाहीत. शुफा, म्हणजे विकल्या जाणाऱ्या मिळकतीवरचा अग्रहक्क, हनफींकडे लागून असलेल्या शेजाऱ्यालाही मिळतो, शाफिईंकडे फक्त सहहिस्सेदाराला. निकाहात तर जमीन-अस्मानाचं अंतर: शाफिई मतात वलीशिवाय निकाहच नाही. मुंबई हायकोर्टाच्या १८६४ च्या मुहम्मद इब्राहीम खटल्यात शाफिई घरातल्या सज्ञान मुलीला हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीशिवाय निकाह करता येतो असं ठरलं. दोन्ही मझहब माहीत असल्याशिवाय हा निकाल डोक्यात शिरत नाही. या एका कारणासाठी माझं मत शाईकागद यांच्या बाजूने, तुलनात्मक ग्रंथ आधी.

'मिन्हाज' इंग्रजीत घेताना मात्र सांभाळा. हॉवर्डची १९१४ ची आवृत्ती फान डेन बेर्गच्या फ्रेंचवरून केलेली आहे. हॅमिल्टनचाच रोग.

सनावळी

थोडक्यात. पाश्चात्य अभ्यासक शाख्तचं १९५० चं पुस्तक (कायदा आधी घडला, त्याला आधार देणाऱ्या हदीसींच्या, म्हणजे पैगंबरांविषयीच्या कथनांच्या, सनदी, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळ्या, मागाहून मागे नेल्या गेल्या, असा त्याचा दावा) आणि त्यावर मोत्स्कीने अब्दुर्रज्जाक यांच्या 'मुसन्नफ' या जुन्या हदीससंग्रहावरून दिलेलं उत्तर, हे दोन्ही चाळल्याशिवाय 'अबू हनीफा म्हणतात' या वाक्याचं वजन किती धरायचं ते ठरत नाही. 'इज्तिहादचं (मूळ आधारांवरून स्वतंत्रपणे नियम काढण्याचं) दार बंद झालं' हे ठोकळेबाज वाक्यही हल्लाक यांच्या १९८४ च्या लेखानंतर कुणी सरसकट वापरू नये.

शाईकागद

सनावळी, मान्य, पण हे तिसरं-चौथं पुस्तक. आणि हाशियावाला, एक थेट प्रश्न. 'हिदाया'तल्या हदीसी कच्च्या आहेत हा आक्षेप जुना आहे. नवखा वाचक त्या प्रमाण मानून पुढे जातो. त्याचं काय करायचं?

हाशियावाला

त्यासाठी जैलई (मृत्यू १३६१) यांचं 'नस्बुर्राया' आहे. 'हिदाया'तली प्रत्येक हदीस कुठल्या संग्रहात, कुठल्या सनदीने येते ते त्यांनी शोधलं, आणि स्वतः हनफी असून विरोधकांचे पुरावेही दिले. इथे एक खड्डा आहे. जैलई एखाद्या हदीशीला 'गरीब' म्हणतात तेव्हा सहसा त्यांना म्हणायचं असतं की या शब्दांत ती मला सापडली नाही. हदीसशास्त्रात 'गरीब'चा रूढ अर्थ आहे एकाच कडीवरून आलेली, आणि तशी हदीस सही, म्हणजे अस्सल, असू शकते. हे ठाऊक नसलेला वाचक 'सापडली नाही' याचा अर्थ 'दुर्मीळ पण चालेल' असा लावतो. मर्गीनानींनी पुष्कळदा आशय दिला आहे, शब्द नव्हेत. त्यामुळे त्या शब्दांत न सापडलेली हदीस दुसऱ्या शब्दांत भक्कम सनदीने असू शकते, आणि तशी असली की जैलई बहुधा तिथेच ती देतात. म्हणून 'गरीब' दिसलं की तिथे थांबायचं नाही, पुढच्या चार ओळी वाचायच्या.

आणि वारसा 'हिदाया'त शोधू नका, त्यात ते प्रकरणच नाही. म्हणून तर जोन्सला 'सिराजिया' वेगळं करावं लागलं. त्यातलं 'औल', म्हणजे ठरलेल्या वाट्यांची बेरीज एकाहून जास्त झाली की सगळे वाटे प्रमाणात कमी करणं, हातात पेन्सिल घेऊन सोडवा. मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी: पतीला १/२, बहिणींना मिळून २/३. सहाच्या छेदाने ३ आणि ४, बेरीज ७. मग मिळकतीचे सातच भाग करायचे, पतीला ३, प्रत्येक बहिणीला २. इमामी शिया औल मानत नाहीत. ते पतीला पुरा अर्धा देऊन तूट बहिणींवर टाकतात, प्रत्येकीला १/४.

कोकणकडा

हे गणित 'मिन्हाज'च्या वारसा प्रकरणातही असंच सुटतं, औल शाफिईंनाही मान्य आहे. म्हणजे वारशापुरतं 'सिराजिया' पहिलं पुस्तक म्हणून माझ्याकडूनही चालेल. निकाह आणि शुफा यांसाठी नाही.