मदत हवी आहे : काळीज म्हणजे नेमकं कुठलं? (वय ७, दुसरी)

नमस्कार मंडळी,

माझे वडील लेकीला लाडानं "माझ्या काळजाचा तुकडा" म्हणतात. परवा रविवारी ती आजोळी होती. आजोबांबरोबर मटण आणायला गेली, तर दुकानदारानं विचारलं, "काळीज घालू काय?" आणि आजोबा म्हणाले, "घाल की चार तुकडे." पोरगी घरी येऊन जेवलीच नाही.

मी समजावलं, की दुकानातलं काळीज म्हणजे यकृत, छातीत धडधडतं ते हृदय. वाटलं, मिटलं. संध्याकाळी आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "काळजात धस्स झालं बघा." ही लगेच म्हणाली, "आजी, यकृतात धस्स कसं होईल?" आता आजीही माझ्याकडंच बघते.

काही गोष्टी जमल्या. लहान आतडं मोठ्या माणसात साधारण ६ मीटर असतं, म्हणून सहावारी साडी सोप्यातून परड्यापर्यंत पसरली. तरी साडीच थोडी कमी पडली. मग ती गोळा करून पिशवीत कोंबायला लावली, तेव्हा आतडी वेटोळी का असतात हे न सांगता कळलं. तक्त्यात शिरा निळ्या रंगवल्यात म्हणून मनगट दाखवून "हे निळं रक्त" म्हणायची. शिरेतलं रक्तही लालच, फक्त गडद, निळेपणा कातडीतून बघताना भासतो, हेही पटलं.

मूत्रपिंडाशी गाडी अडली. पाठीकडं दोन, घेवड्याच्या दाण्यासारखी, रक्त गाळतात, असं सांगितलं. "चहाच्या गाळणीसारखी? मग चोथा कुठं जातो?" उपमा माझीच चुकली. इथं चोथा वर राहतच नाही. दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत घेतलं जातं आणि उरलेलं दीड-दोन लिटर बाहेर पडतं. हे सात वर्षांच्या पोरीला कशाशी जोडून सांगू?

सगळ्यात मोठी पंचाईत पुढं आहे. आपल्या बोलण्यात जठर पण पोट, आतडी पण पोट आणि बाळही पोटात. तिच्या मामीला सातवा महिना आहे. काल जेवताना मामीकडं बघत म्हणाली, "बाळावर आमटी सांडत नसेल काय?"

आणि एक. बकऱ्याचं हृदय, मूत्रपिंड आणून कापून दाखवावं का? आमचं घर माळकरी आहे, सासूबाई उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. शिवाय वय लहान. अनुभव असेल त्यांनी सांगा.

प्रतिसाद १
जीवशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. काळीज या शब्दावरून भांडू नका, दोन्ही अर्थ खरे म्हणून सांगा. धस्स होतं ते हृदयात. भीती वाटली की मेंदू हुकूम सोडतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात आणि ठोके वाढतात. बाळासाठी आपल्या बायकांचाच शब्द वापरा : पिशवी. जेवणाच्या पिशवीला वाट तोंडातून आहे, बाळाच्या पिशवीला तोंडातून वाटच नाही. जठर डावीकडं बरगड्यांच्या आड, गर्भपिशवी खाली ओटीपोटात. बाळ वाढलं की ती वर सरकते, म्हणून मामीला दोन घास जास्त जात नाहीत. मूत्रपिंडासाठी गाळणी सोडा, खेळण्यांचा खण आवरायला लावा. आधी सगळं बाहेर ओतायचं, हवं ते परत आत ठेवायचं, नको ते केरात.

प्रतिसाद २
आजोळीच करा, कागद पसरून. दुकानात दिल आणि गुर्दा मागा. बकऱ्याच्या हृदयातही आपल्यासारखे चार कप्पे असतात. डावीकडची भिंत जाड लागते, कारण अंगभर रक्त तीच ढकलते. आत झडपांना धरलेले दोरे दिसतील. वजडी दाखवून "आपलं जठर असंच" मात्र सांगू नका, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे कप्पेच चार असतात. पोरगी नको म्हणाली तर तिथंच थांबा. हात साबणानं धुवायचे, हे सांगायला नकोच.

प्रतिसाद ३
मी पन्नाशीचा. स्वादुपिंड नावाचं काही आपल्यात आहे हे शुगर निघाल्यावर कळलं. शिकवा ताई, लवकर शिकवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आज आजोळी केलं. लेकीनं एकदाच नाक दाबलं, मग बोट घालून झडप शोधली. आमचे वडीलच जास्त रमले. "साठ वर्षं खातोय, आत चार खोल्या हाईत म्हाईत नव्हतं," म्हणाले. खणाची उपमा लागू पडली, खणही आवरून झाला. काळजाचा तुकडा म्हणून घ्यायला आता हरकत नाही, पण "कुठल्या?" असं आधी विचारते.

पिशवीचंही सांगितलं. नवा प्रश्न : कापडी की प्लॅस्टिकची? धागा चालू राहू द्या.