बूमरँग घरी बनवायचाय, प्लाय कुठला घेऊ?

परळचा_लाकूडवेडा:
मंडळी, कलेक्शनसाठी बूमरँग बनवतोय, पण नुसता शोभेचा नको, फेकला की परत यायलाच हवा. सुतार म्हणतो साधा कमर्शियल प्लाय चालेल. खरंच?

गिरगावकर:
नको रे. ५-६ एमएमचा बर्च प्लाय घे, थर पातळ असतात, मध्ये पोकळी नसते. कानस मारायला लागलास की ते थर नकाशातल्या रेषांसारखे उघडे पडतात, दोन्ही पंखांवर सारखे दिसले की समजायचं घडण बरोबर चाललीय, मला तर तेच सगळ्यात सुंदर वाटतं, त्यामुळे वरून ऑइल पेंट फासू नकोस, क्लिअर लॅकरच मार, कडांनाही. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा प्लाय वाकतो आणि मग उडणंच बदलतं.

मीनल_ठाणे:
पुढची कड गोलसर, मागची निमुळती, खालची बाजू जवळपास सपाट ठेव. डावखुरा असशील तर आराखडा आरशातल्यासारखा उलटा कर हं.

परळचा_लाकूडवेडा:
डावखुराच आहे ताई! फेकायचा कसा मग?

मीनल_ठाणे:
जवळजवळ उभा धरून, वाऱ्याकडे तोंड करून त्याच्या डावीकडे साधारण ४५ अंशात. आडवा फेकू नकोस. आणि शिवाजी पार्कात संध्याकाळी क्रिकेटवाले असतात, तिथे अजिबात नको, मोकळं मैदानच बघ.