ऐतिहासिक रोमान्सची मालिका सुचवा (बजेट १५००, छापील पुस्तकंच)

खिडकीतली_खुर्ची
नमस्कार मंडळी. ब्रिजर्टन सिरियल बघून संपवलं आणि आता पुस्तकं वाचायची हुक्की आलीये. इंग्रजी चालेल. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या ढीगभर आहेत पण शेवटी कोणीतरी जातंच आणि मग मी दोन दिवस तोंड पाडून बसते, ते आत्ता नकोय. दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघते त्यामुळे छापील पुस्तकच हवं, प्लीज किंडल सांगू नका. बजेट १५००, त्यात जेवढी बसतील तेवढी. शेवट गोड हवा, पुढच्या भागासाठी लटकवून ठेवणारं नको. थोडा चावटपणा असला तर हरकत नाही, जबरदस्ती नको. आणि हो, राऊ आणि स्वामी दोन्ही वाचून झालीयेत.

पेशवेपेठ
राऊ वाचा. १९७२ ची कादंबरी, आजही पान उघडलं की खाली ठेववत नाही. गोऱ्या ड्यूकांच्या लग्नात आपल्याला काय रस?

खिडकीतली_खुर्ची
अहो पेशवेपेठ, शेवटची ओळ वाचा की!

पेशवेपेठ
वाचली. परत वाचा म्हणतोय.

बे_एरिया_वहिनी
किंडल घे गं. मी पण आधी कागदच कागद करायचे, आता रात्री दिवा बंद करून आडवं पडून वाचते, नवऱ्याची कटकट नाही. ते नको असेल तर लिबी अॅप, लायब्ररीचं कार्ड असलं की सगळं फुकट. फक्त गाजलेल्या पुस्तकांना रांग असते, सिरियल आली तेव्हा तर ब्रिजर्टनला महिनोन्महिने नंबर लागत नव्हता.

किलोनेपुस्तकं
वहिनी, तिला छापील हवंय आणि ती भारतात आहे, तुमच्या लायब्ररीचं कार्ड तिला कोण देणार :फिदी:

स्कॉटलंडची_सून
आउटलँडर!! डोळे मिटून घे. दुसऱ्या महायुद्धातली नर्स क्लेअर, लढाई संपल्यावर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला येते आणि दगडांच्या रिंगणातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे जेमी. बस, पुढे काही सांगत नाही. १९९१ साली पहिला भाग आला, नऊ भाग झालेत, नववा २०२१ चा. माझ्याकडे सगळा सेट आहे, शेल्फचा एक आख्खा कप्पा त्यालाच दिलाय.

चष्मेबहाद्दर
सूनबाई, तिने लटकवणारं नको म्हटलंय. आउटलँडरमध्ये तेच जोडपं पुढच्या पुढच्या भागात जातं आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईचं सावट पहिल्यापासून डोक्यावर असतं. शिवाय जबरदस्तीचे प्रसंग आहेत आणि ते बऱ्यापैकी भयंकर आहेत. पुस्तक ताकदीचं आहे, वाद नाही, पण या धाग्याच्या दोन्ही अटींत नापास.

स्कॉटलंडची_सून
आयुष्यात थोडं सहन करायला शिका लोकहो. जेमीसाठी एवढं चालतं. (हलके घ्या)

जुनी_लायब्ररी
जॉर्जेट हेयर वाचा, विषय संपला. हा रीजन्सी रोमान्स नावाचा प्रकारच तिने उभा केला, पहिली रीजन्सी कादंबरी १९३५ ची, तेव्हा आजच्या या लेखिका जन्मल्या पण नव्हत्या. कपडे, घोडागाड्या, सराईत जुगाऱ्यांची बोली, सगळं तिने जुने कागद चाळून मिळवलेलं. चावटपणा शून्य, तरी नायक-नायिकेची जुगलबंदी अशी की आपण रात्री एकटेच हसतो. ग्रँड सोफीपासून सुरू करा. आमच्या लायब्ररीत पिवळ्या पडलेल्या प्रती होत्या, शेवटच्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलने आद्याक्षरं लिहून ठेवायची पद्धत होती म्हणजे तेच पुस्तक परत घरी नेलं जाऊ नये. आता तिथे स्पर्धा परीक्षेची गाइडं आहेत, असो.

खिडकीतली_खुर्ची
धन्यवाद! पण ही मालिका आहे का?

जुनी_लायब्ररी
मालिका कशाला हवी? बहुतेक सुट्ट्याच आहेत. अगदीच हवी तर दीज ओल्ड शेड्स (१९२६), मग डेव्हिल्स कब (१९३२), मग अॅन इन्फेमस आर्मी (१९३७), घराणं तेच पुढे येतं आणि तिसऱ्यात वॉटर्लूची लढाई. मात्र लढाईचं वर्णन लांबलचक आहे, रोमान्स हुडकावा लागतो.

मराठवाड्याचा_गडी
वॉटर्लू म्हणजे वेलिंग्टन ना? तो ड्यूक व्हायच्या आधी आमच्याकडे येऊन गेलाय. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्हा. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. या कादंबऱ्यांत वेलिंग्टन म्हटलं की सगळ्या पोरी माना वेळावतात, असईला या म्हणावं एकदा.

पेशवेपेठ
गडीभाऊ +१००. हेच म्हणतोय मी. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, तिकडे राजा भ्रमिष्ट झाला म्हणून युवराज कारभार बघत होता, आणि इकडे त्याच वर्षांत खडकीची लढाई होऊन १८१८ ला पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला. ते लोक ज्या झुंबराखाली नाचतायत त्याचे पैसे कुठून आले हे एकाही पुस्तकात सापडायचं नाही.

अॅड_कुरकुर
पैसे कुठून आले ते राहू द्या, पोरीचे पैसे कुठे जायचे ते बघा. लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, कमाई सगळं कायद्याने नवऱ्याचं. आधी सेटलमेंट, म्हणजे तिच्या मालमत्तेचा करार, करून ठेवली असेल तरच काही वाचायचं. १८७० चा कायदा आला त्यात कमाई वगैरे थोडं मिळालं, खरा बदल १८८२ चा. त्यामुळे नायिका नायकावर पहिल्या भेटीत भाळते तेव्हा मला घामच फुटतो. आपल्याकडे निदान स्त्रीधन तरी होतं.

बे_एरिया_वहिनी
स्त्रीधन होतं कागदावर! माझ्या आजेसासूबाईंच्या पाटल्या कुठे गेल्या विचारा एकदा.

किलोनेपुस्तकं
धागा कुठे चाललाय बघा. मी मुद्द्याचं सांगतो. वजनावर पुस्तकं विकतात ती प्रदर्शनं लागतात तिथे जा, १५०० मध्ये पिशवी भरून येईल. मी लिसा क्लेपासच्या वॉलफ्लॉवर्सचे भाग तसेच उचलले. चार मैत्रिणी, बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, कोणी नाचायला विचारत नाही म्हणून भिंतीला टेकून बसतात आणि ठरवतात की आपणच एकमेकींना नवरे शोधून द्यायचे. त्यातल्या दोघी बहिणी अमेरिकन साबणवाल्याच्या मुली. मस्त आहे. फक्त मला दुसरा आणि चौथा मिळाला, आणि दुसऱ्याची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेलेली. पोरगी पळवून नेली इथपर्यंत कळलं, पुढे अंधार. बायको म्हणाली बरं झालं, आता भांडी घासा.

चष्मेबहाद्दर
तो पळवणारा म्हणजे सेंट व्हिन्सेंट, आणि गंमत अशी की तिसऱ्या भागाचा नायक तोच आहे. डेव्हिल इन विंटर, २००६. बोलताना अडखळणारी इव्ही त्याच्या दारात स्वतः येते आणि म्हणते माझ्याशी लग्न कर, तुला पैसे मिळतील, मला माझ्या नातेवाइकांपासून सुटका. लगेच घोडागाडीतून ग्रेटना ग्रीनला पळतात. निम्म्या जगाचा हा सगळ्यात आवडता भाग आहे. मला मात्र आधीच्या भागातलं अपहरण विसरून त्याच्यावर प्रेम करायला जड गेलं.

अॅड_कुरकुर
ग्रेटना ग्रीन आलंच आहे तर सांगतो, १७५३ च्या कायद्याने इंग्लंडात २१ च्या आतल्यांना पालकांची संमती लागायला लागली, स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून सीमेवरचं पहिलं गाव गाठायचं, दोन साक्षीदार उभे करायचे आणि झालं. लोहार सुद्धा लग्न लावून द्यायचा.

लाडूसम्राट
म्हणजे त्यांची आळंदी :हाहा:
मी पुरुष आहे आणि मी पण वाचतो, लपवत नाही, ट्रेनमध्ये कव्हर दिसेल असं धरून वाचतो. मेरी बॅलॉगची सर्व्हायव्हर्स क्लब घ्या. नेपोलियनच्या लढायांतून मोडून आलेली माणसं, एकाला दिसत नाही, एकाचे पाय निकामी, दरवर्षी एका ड्यूकच्या घरी जमतात. सात भाग आहेत, प्रत्येकात एकाची गोष्ट. शांत आहे. मसाला कमी, पण माणसं खरी वाटतात.

श्रावणसर
इंडिया कनेक्शन पाहिजे असेल तर मेरेडिथ ड्युरानची द ड्यूक ऑफ शॅडोज, १८५७ च्या धामधुमीत सुरू होते. कोर्टनी मिलनच्या ब्रदर्स सिनिस्टर मालिकेत द हेअरेस इफेक्ट आहे, त्यात केंब्रिजला शिकणारा बंगाली मुलगा आहे अंजन भट्टाचार्य नावाचा, दुय्यम जोडी आहे पण मला मुख्य जोडीपेक्षा तीच आवडली. ब्रिजर्टनच्या दुसऱ्या भागात पण भारतीय नायिका आहे, केट शर्मा.

चष्मेबहाद्दर
थांबा थांबा. सिरियलमध्ये. पुस्तकात ती केट शेफील्ड आहे, पूर्ण इंग्रज. मुंबई, हळद, चहा यातलं काहीच पुस्तकात नाही, ते समजून घ्या नाहीतर पैसे वाया गेल्यासारखं वाटेल.

खिडकीतली_खुर्ची
अय्या हे माहीतच नव्हतं! मला तर तेच वाचायचं होतं.

स्कॉटलंडची_सून
सिरियलमध्ये तरी काय दिवे लावलेत. एडविनाला मराठी येतं म्हणे, आणि वडिलांना अप्पा, बहिणीला दीदी आणि धाकटीला बॉन. एका घरात सगळा देश.

मराठवाड्याचा_गडी
अप्पाला काय झालं? आमच्या घरात आजोबांना आप्पाच म्हणायचे.

पेशवेपेठ
आप्पा आणि अप्पा यात फरक आहे.

मराठवाड्याचा_गडी
कानाचाच ना? तुम्ही पुण्याचे ना?

अॅडमिन_आजोबा
विषयावर या. अप्पा-आप्पाचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

चष्मेबहाद्दर
खुर्ची, नीट सांगते, शांतपणे वाच. मालिका दोन जातीच्या असतात. एकात तेच जोडपं भागामागून भाग ओढत नेतात, आउटलँडर, पोल्डार्क (कॉर्नवॉल, तांब्याच्या खाणी, १९४५ ते २००२ मध्ये बारा भाग). दुसरीत कुटुंब किंवा मैत्रिणींचा गट असतो, प्रत्येक भागात एकाचं लग्न लागतं आणि मागची जोडपी पाहुण्यांसारखी येऊन जातात. तुला दुसरी हवी. आधीच्या पुस्तकात कोपऱ्यात उभा राहून टोमणे मारणारा माणूस पुढच्यात नायक होतो, या मालिकांची खरी चटक त्याची असते.

ब्रिजर्टन त्यातलंच. आठ भावंडं, नावं ए ते एच अशी ओळीने, आठ पुस्तकं, २००० ते २००६. पहिलं डॅफ्नीचं आहे, पण त्यात नवरा दारू पिऊन धड शुद्धीत नसताना तिने त्याच्या मनाविरुद्ध केलेला एक प्रसंग आहे, त्यावरून खूप वाद झालेत. तुझी अट बघता ते सोड. दुसरं अँथनीचं घे, बापाला मधमाशी चावून मृत्यू आला म्हणून आपणही तेवढंच जगणार अशी धास्ती घेऊन बसलेला माणूस. लाकडी चेंडू-मोगरीच्या खेळावरून त्या घरात जी मारामारी होते ती एवढी खरी आहे की आमच्या मामाच्या घरचा कॅरम आठवला. एक पुस्तक साधारण चारशेच्या आसपास पडतं, म्हणजे तुझ्या पैशात तीन आरामात.

बे_एरिया_वहिनी
किंडलवर सेल लागला की याहून खूप स्वस्त पडतात.

जुनी_लायब्ररी
मोगरीचा खेळ ठीक आहे, पण त्या पुस्तकातली माणसं आजच्या अमेरिकनांसारखी बोलतात. हेयर वाचा.

अॅड_कुरकुर
आणि एवढे ड्यूक येतात कुठून? राजघराण्याबाहेरचे तीसेक होते त्या काळात, त्यात म्हातारे आणि लग्न झालेले वजा करा. रोमान्सच्या दुकानात शेकडो, सगळे तिशीतले आणि सगळे दात शाबूत.

लाडूसम्राट
वकीलसाहेब, मग काय दात पडलेल्या खऱ्या ड्यूकची गोष्ट वाचायची का दिवसभर काम करून आल्यावर?

किलोनेपुस्तकं
ऑनलाइन जुनी मागवत असाल तर कव्हरचा आणि आतल्या पानांचा फोटो मागा. मला एका विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' म्हणून पाठवलेलं पुस्तक उघडलं तर आत वाळवीचं गाव वसलेलं. आणि भाग क्रमांक बघा, नव्या सिरियल-कव्हरवर मोठा फोटो असतो, नंबर कुठेतरी बारीक अक्षरात.

खिडकीतली_खुर्ची
सगळ्यांचे मनापासून आभार, चष्मेबहाद्दर तुझे विशेष. तर निर्णय झालाय. मी थेट चौथं मागवलंय, रोमान्सिंग मिस्टर ब्रिजर्टन. मला पहिल्यापासून पेनेलोपीच आवडते, तिच्यासाठीच सिरियल बघत होते, मग अँथनीची मधमाशी कशाला? आणि उरलेल्या पैशात पोल्डार्कचा पहिला भाग, कारण तांब्याच्या खाणी ऐकून मला का कोण जाणे एकदम वाचावंसं वाटलं.

चष्मेबहाद्दर
अगं!! चौथ्यात ती टोपणनावाने चहाड्या छापणारी लेडी व्हिसलडाउन कोण हे कळतं, ते गुपित तीन पुस्तकं जपून ठेवलंय लेखिकेने, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिच्या चहाड्या छापल्यात. आणि पोल्डार्क म्हणजे बारा भाग तेच घराणं, तुला लटकायचं नव्हतं ना?

खिडकीतली_खुर्ची
सिरियलने ते पहिल्याच सीझनच्या शेवटी फोडलंय की, आता गुपित कसलं. पोल्डार्क नाही आवडलं तर सासऱ्यांना देईन, ते खाण कंपनीतून रिटायर झालेत.

स्कॉटलंडची_सून
पोल्डार्क चालतं आणि आउटलँडर नाही? निषेध.

पेशवेपेठ
सासऱ्यांना राऊ द्या.

मराठवाड्याचा_गडी
किलोनेपुस्तकं, ते वजनावरचं प्रदर्शन संभाजीनगरला कधी लागतं काही कल्पना?