दिवाळी-नाताळच्या सुट्टीतली क्रूझ: तुम्ही किती आधी बुक केलीत?

मंजिरी_ठाणे
आज सकाळी आईंच्या (सासूबाई) हरिपाठाच्या पोथीत बोटीवरचं केबिनचं कार्ड सापडलं. निळं, प्लास्टिकचं, एका कोपऱ्याला भोक पाडलेलं. २०२३ च्या दिवाळीपासून त्या ते खूण म्हणून वापरतायत आणि मला पत्ताच नव्हता. पोथी हातात घेऊन बराच वेळ तशीच बसले.

तेव्हा मुंबई–गोवा–मुंबई केली होती. मुलांची सुट्टी, ह्यांची रजा, नणंदेचं येते-नाही येत, हे सगळं जुळेपर्यंत दसरा उलटून गेला. चौघांची केबिन एकही शिल्लक नव्हती. दोन-दोनच्या तीन मिळाल्या, त्याही तीन वेगळ्या मजल्यांवर. नणंदेचं ऐनवेळी रद्द झालं आणि आई एकट्या पडल्या, खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या केबिनमध्ये. मुलं लहान, आम्हा दोघांना एकेकाजवळ झोपणं भाग होतं.

पहाटे पाचला मी खाली गेले तर त्या बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. शाल गुंडाळलेली, मुठीत ते कार्ड. रात्री जाग आली, दिवा कुठे ते सापडेना, रात्र आहे की सकाळ तेही कळेना. केबिन बघणाऱ्या मुलाने खुर्ची आणि चहा आणून दिला होता. मला म्हणाल्या, "मला समुद्र बघायचा होता गं, इथे चारी बाजूंनी भिंतीच आहेत." मी त्यांना तशीच वर डेकवर घेऊन गेले. लांब एक दिवा उघडझाप करत होता. त्या म्हणाल्या, जयगडचा असेल. लहानपणी मालवणहून आगबोटीने मुंबईला यायच्या त्या.

आता त्या ७९ च्या आहेत. परवा स्वतःहून विचारलं, परत कधी जायचं? यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि आत्ता जून. ह्या वेळी त्यांना खिडकीची केबिन आणि आम्ही शेजारी, एवढंच हवंय मला. तुम्ही सुट्टीच्या दिवसांत गेला असाल तर किती आधी बुक केलंत, काय मिळालं, काय हुकलं, सगळं लिहा.

घारेडोळे
गलबलून आलं गं. आईंना नमस्कार सांग. माझा अनुभव रात्री लिहिते, कुकर लावलाय.

अभि_नाशिक
सिंगापूरहून, २०२४ चा नाताळ. फेब्रुवारीत बुक केली, म्हणजे दहा महिने आधी. बाल्कनी मिळाली, आईबाबांची केबिन आमच्या भिंतीला लागून. मित्राने तीच फेरी सप्टेंबरमध्ये घेतली, त्याला बाल्कनी नाहीच आणि साध्या खिडकीला आमच्याहून जास्त पैसे.

पण आमचा घोळ दुसरीकडेच. बाबांच्या पासपोर्टची मुदत एप्रिल २०२५ पर्यंत होती. आम्हाला वाटलं भरपूर आहे. नियम असा की प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. ऑक्टोबरात लक्षात आलं. नवीन पासपोर्ट वेळेत आला म्हणून निभावलं, पण ते तीन आठवडे बाबा रोज खाली पेटीत पत्र बघायला जायचे. मुंबई-गोव्याला ही भानगड नाही, परदेशाची करणाऱ्यांनी मात्र आधी पासपोर्ट काढून बघा. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघा, कारण बोट मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येते.

स्वाती_कोथरूड
तीन आठवडे रोज 😢 बाबा लोक असेच असतात.

प्रवास_धंदा
मंजिरीताई, मी गेली २२ वर्षं ठाण्यात हाच व्यवसाय करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्यासारखं दर दिवाळीला कुणाचं तरी होतंच. लोकांच्या डोक्यात रेल्वेचं गणित असतं, की अमुक दिवस आधी खिडकी उघडते, त्या दिवशी सकाळी ८ ला बसायचं. बोटीला तशी खिडकी नसते. परदेशी मोठ्या बोटींच्या नाताळच्या फेऱ्या दीड-दोन वर्षं आधीच विक्रीला येतात. मुंबईच्या फेऱ्या इतक्या आधी येत नाहीत, पण वेळापत्रक आलं की त्याच आठवड्यात फोन करा.

सगळ्यात आधी काय संपतं ते सांगतो. स्वस्त केबिन नाही, तीन-चार माणसांची केबिन. बोटीवर बहुतेक केबिन दोघांच्या असतात. वरून खाली येणारे जास्तीचे बर्थ मोजक्याच केबिनमध्ये, आणि सुट्टीत सगळेच मुलं घेऊन येतात. त्यात अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते: प्रत्येक भागातल्या प्रवाशांना ठरावीक लाइफबोट नेमलेली असते. तिची माणसं भरली की त्या भागातले तिसरे-चौथे बर्थ बंद होतात, केबिन रिकामी दिसत असली तरी. "साइटवर केबिन दिसतेय, चौघांचं का घेत नाही?" असं विचारतात त्याचं उत्तर हे. मधे दार असलेल्या जोडकेबिन आणि व्हीलचेअर आत जाईल अशा रुंद दाराच्या केबिन तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

"गॅरंटी" केबिन कितीही स्वस्त दिसली तरी आजी-आजोबा सोबत असतील तर घेऊ नका. त्यात प्रकाराची खात्री असते, नंबर कंपनी नंतर देते, म्हणजे तुम्ही पुढे आणि आई मागे असं होऊ शकतं. नंबर बघून, बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांपैकी घ्या. तिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात.

उशीर झालाच असेल तर एक जागा अजून असते. परदेशी कंपन्यांत आधी थोडे पैसे भरून केबिन धरता येते आणि उरलेले बहुधा तीन-चार महिने आधी भरायचे. ती तारीख जवळ आली की काही जण माघार घेतात आणि केबिन मोकळ्या होतात. त्या चार-सहा दिवसांत रोज विचारत राहा. आमची कितीतरी कुटुंबं अशी बसलीत.

तुम्हाला मुंबईहूनच जायचं असेल तर जून हा चांगला महिना आहे. आजच बोला.

मंजिरी_ठाणे
दादा, मनापासून धन्यवाद. लाइफबोटीचं खरंच माहीत नव्हतं. आम्हाला तेव्हा हेच दिसत होतं, की केबिन आहे आणि घेत नाही.

सागर_पनवेल
माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवतो. आम्ही दोघंच, मूलबाळ अजून नाही, दोघंही घरून काम करतो. नाताळच्या बरोबर अकरा दिवस आधी बिनखिडकीची केबिन घेतली. स्वस्तात पडली आणि आम्ही केबिनमध्ये होतोच किती वेळ? पहाटे तीनपर्यंत डेकवर चांदणं बघत पडलो होतो. तेव्हा दोघंच असाल आणि कुठलीही केबिन चालत असेल तर थांबायला हरकत नाही. घरचं माणूस सोबत असेल तर अजिबात थांबू नका.

आगबोट_काका
आईंना विचारा, त्या "रोहिणी"ने यायच्या का? नंतर "कोकणसेवक", "कोकणशक्ती" होत्या. मी देवगडचा. भाऊच्या धक्क्यावर आम्ही पहाटेपासून उभे. डेकचं तिकीट, केबिनची ऐपत कुणाची होती! दार उघडलं की धावत जाऊन सतरंजी अंथरायची, ती जिथे पडेल ती आपली जागा. वडील ट्रंक घेऊन मागून येईपर्यंत मी सतरंजीच्या मधोमध आडवा झोपायचो, कुणी कड दुमडू नये म्हणून.

आणि उतरणं! बोट बंदरात लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची. माणसं किनाऱ्यावर न्यायला पडाव, म्हणजे लहान होडी, यायची. लाट वर आली की खलाशी ओरडायचा "उडी!" आणि आईने मला अक्षरशः फेकलेलं आठवतं, खालच्याने झेललं. गणपतीत समुद्र खवळलेला म्हणून बोट बंद, मग एस.टी.ने घाटातून. मे महिन्यात मात्र बोटच.

मंजिरी_ठाणे
काका, आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या "रोहिणी"च, आणि पडावाची उडी त्यांनाही आठवते. मालवणला उतरताना त्यांची एक वहाण पाण्यात पडली होती, नवी कोरी. घरी जाईपर्यंत रडत होत्या म्हणे.

आगबोट_काका
त्यांना म्हणावं, माझी टोपी गेली तिथेच.

स्वाती_कोथरूड
काका वेगळा धागा काढाच. आणि बोट लागायची नाही का हो इतक्या लहानपणी? मला गेटवे–मांडव्यालाच मळमळतं.

आगबोट_काका
लागायची की. आजी आलेपाकाची वडी दाढेखाली ठेवायला द्यायची आणि म्हणायची, लाटेकडे बघू नको, किनाऱ्याकडे बघ.

ह्यूस्टन_मावशी
आमच्याकडे थँक्सगिव्हिंगचा आठवडा म्हणजे दिवाळीची सुट्टी समजा, टेक्ससमध्ये बऱ्याच शाळा आठवडाभर बंद. घरापासून तासाभरावर गॅल्व्हस्टन बंदर, तिथून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाची बोट. विमानाचं तिकीट वाचतं, त्यामुळे सगळ्या गावाची नजर त्याच फेरीवर. मी मागच्या बोटीवर असतानाच पुढच्या वर्षीची धरली, पूर्ण एक वर्ष आधी. पुण्याहून आईबाबा येणार होते.

आधी धरण्याचा एक फायदा कुणी लिहिला नाही. इथे उरलेले पैसे भरायच्या तारखेपर्यंत भाव उतरला तर फोन करून उतरलेला भाव मागता येतो. मी दर रविवारी पोहे फोडणीला टाकले की एकीकडे साइट उघडून बघायचे. दोनदा कमी करून मिळाला.

इथे एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांनी पैसे भरायच्या आधी पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का अजून चालू आहे का ते बघा. आमच्या शेजाऱ्यांचा संपलेला होता, कागद जमवण्यात आणि वकिलाला विचारण्यात त्यांचा सगळा ऑक्टोबर गेला.

बाबांनी डेकवर थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारच्या खुर्चीवरची म्हातारी बाई हात जोडून ऐकत होती.

मीनल_सांगली
खाण्याचं काय? फराळ नेता येतो का? सासऱ्यांची चतुर्थी असते.

स्वाती_कोथरूड
आमच्या बोटीवर घरचं केलेलं काही आत नेऊ देत नव्हते. चकलीचा डबा बंदरावरच राहिला, आम्ही तिथल्या हमालांना वाटून टाकला. पॅकबंद चालतं म्हणाले. उपासाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आयत्या वेळी फळं आणि दहीच मिळतं.

सावंतवाडीची
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे हे उलटं आहे. माझे मिस्टर कॅरिबियनच्या बोटीवर स्वयंपाकघरात आहेत, अकरा वर्षं झाली. तुमची सगळ्यांची सुट्टी तेव्हा त्यांचं सगळ्यात जास्त काम. अकरा वर्षांत दोनच नाताळ घरी मिळाले.

एका वर्षी ठरवलं, आपणच जायचं. तयारी दीड वर्ष आधी सुरू केली, कारण अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीचीच तारीख कितीतरी महिन्यांनंतरची मिळाली. नाताळच्या आठवड्यात घरच्यांसाठीची सवलत नव्हती आणि पूर्ण भाडं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची फेरी घेतली आणि नाताळ तीन आठवडे आधी केला. दिवसभर ते कामावर. रात्री साडेदहाला सुटले की तासभर आमच्यासोबत. लेक तोपर्यंत जागी राहायची, डोळे ताणून. एकदा जेवणाच्या हॉलच्या दारातून पांढऱ्या ॲप्रनमध्ये दिसले, हातात भलामोठा ट्रे. लेक ओरडली, "पप्पा!" आणि चार टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाताळला बोटीवर असाल तेव्हा वाढणाऱ्याला एकदा त्याच्या गावाचं नाव विचारा. त्यांना फार बरं वाटतं.

घारेडोळे
सावंतवाडीची, तुझं वाचलं आणि लिहायला बसलेय ते विसरलेच. खूप खूप प्रेम तुला आणि लेकीला.

आता माझं. दिवाळीत लक्षद्वीपची फेरी, चार महिने आधी बुक, केबिन मनासारखी. पण अरबी समुद्रात त्या सुमारास कमी दाबाचा पट्टा. अगत्तीला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, लहान होड्यांतून नेतात, आणि लाटा असल्या की उतरवत नाहीत. आम्ही बेट लांबून बघितलं, हिरवी रेघ आणि पाण्याचा तो रंग. मुलाने दुर्बीण आणली होती, आळीपाळीने बघितलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला अरबी समुद्राचं काही सांगता येत नाही, तेव्हा तारीख बदलून मिळते का, पैसे किती कापतात, हे आधी लेखी घ्या. आम्ही तोंडी विचारलं होतं.

रानवाटा
क्रूझ म्हणजे समुद्रच का? आम्ही नाताळात इजिप्तमध्ये नाईल नदीची केली, लक्सर ते आस्वान. सात महिने आधी घेतली. तिथे हाच ऐन हंगाम, उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही. बोट लहान, लाटा नाहीत, प्रत्येक केबिनला खिडकी. मंजिरी, आईंसाठी खरंच विचार करण्यासारखं आहे. एस्नाच्या लॉकपाशी (पाण्याची पातळी वरखाली करून बोट पुढे सोडतात ते दार) बोट थांबते तेव्हा खालून होडीवाले पिशवीत घातलेले कपडे थेट वरच्या डेकवर फेकतात. बघायचं, भाव ठरवायचा, पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे. माझ्या आईने घासाघीस केली, ती मराठीत आणि तो अरबीत, आणि व्यवहार झाला!

बोटवेडा
जरा अवांतर. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झाली ती कॉर्डेलिया ह्या क्रूझ कंपनीची एम्प्रेस बोट, मूळ नाव नॉर्डिक एम्प्रेस, १९९० ची, फ्रान्समध्ये सें-नाझेरच्या गोदीत बांधलेली. जुन्या बोटींवर बाल्कनीच्या केबिन मुळातच कमी असतात, त्यामुळे बाल्कनी हवी असेल तर आणखी लवकर. माझं मत विचाराल तर आईंसाठी बाल्कनीपेक्षा मोठी खिडकी बरी. वारा नाही, उंबरठा नाही, पलंगावर बसून समुद्र.

मंजिरी_ठाणे
संध्याकाळी फोन लावला. दिवाळीच्या शनिवार-रविवारची चौघांची केबिन एकच उरलीय आणि तिच्या समोरची दोघांची, खिडकीची, मधल्या भागात. समोरासमोर दारं. नणंदेला विचारलंच नाही, नाव घालून टाकलं, ती आईंसोबत. घारेडोळे, रद्द करायचे नियम ईमेलवर मागवलेत.

आईंना सांगितलं तर म्हणाल्या, ते जुनं कार्ड चालेल का?

घारेडोळे
अय्यो 😭

मीनल_सांगली
काका, आलेपाकात गूळ की साखर?

आगबोट_काका
साखर. आणि आलं जून घ्या, कोवळ्याला तिखटपणा नसतो.