अनुभव धागा: झुकिनी, गिलके, दुधी... भर कुणाची आणि चव कुणाची?

तापीकाठ
काल चोपड्याला एका लग्नात पिवळ्या झुकिनीच्या चकत्या परतून ठेवल्या होत्या. शेजारच्या मावशींनी ताटात बघितलं आणि म्हणाल्या, "काकडी कसाले शिजाडी?" मला एकदम वडिलांची वही आठवली.

झुकिनीचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं तेव्हा त्यांनी चार जाती शेजारी शेजारी लावल्या होत्या: पुसा अलंकार, ऑस्ट्रेलियन ग्रीन, अर्ली यलो प्रोलिफिक आणि ती चपटी पट्टीपॅन. प्रत्येक सरीचा तोडा वेगळा मोजायचे. वहीत दोन रकाने. एकात निघालेला माल, दुसऱ्यात विकण्याजोगा माल. पहिल्या रकान्यात पिवळी सगळ्यांच्या पुढे, दुसऱ्यात धापकन खाली. तिची साल इतकी नाजूक की वारा सुटला की स्वतःच्याच देठांच्या काट्यांनी ओरखडे पडायचे, संध्याकाळपर्यंत त्या जागी तपकिरी रेघा. ऑस्ट्रेलियन ग्रीन निघायची कमी पण सरळ, घट्ट, क्रेटमध्ये नीट बसायची. अलंकार दोघींच्या मधे. पट्टीपॅन बाजारात कुणी हातात धरेना, म्हणून घरी आम्हीच सगळ्यात जास्त तीच खाल्ली आणि खरं सांगते, चवीला तीच उजवी होती. गर घट्ट, शिजून पाणी पाणी होत नाही.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. नुसतं "एकरी इतके टन" सांगणाऱ्याला दुसरा रकाना विचारायचा. तुमचे अनुभव लिहा. झुकिनीच पाहिजे असं नाही, गिलके (म्हणजे घोसाळे), दुधी, दोडके, काहीही चालेल.

केळीवाला
ताई, लावली कुठे होती? केळीजवळ नाही ना? आमच्या यावल-रावेरकडे केळीच्या बागेत किंवा बांधाला काकडी-भोपळ्याचं काहीही लावू नका म्हणून घसा कोरडा करतात लोक. मावा त्या वेलांवरून केळीवर येतो आणि हरण्या घेऊन येतो. हरण्या म्हणजे सीएमव्ही, काकडीच्याच नावाचा व्हायरस. कोवळ्या बागेत आला की खोडं उपटून फेकण्याशिवाय इलाज नाही. शेजाऱ्याने हौसेने काकडी लावली आणि भोगलं आम्ही. जात कोणतीही असो, पहिलं बघायचं ते शेजार.

तापीकाठ
केळीवाला, आजूबाजूला कपाशी होती तेव्हा. केळी नंतर आली आमच्याकडे. पण मुद्दा एकदम बरोबर.

भरीतपुरी
झुकिनीचं भरीत करून बघितलं. नका करू. 😭

मेहरूणची_बोर
@भरीतपुरी हाहाहा. अहो कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि तुम्ही झुकिनी भाजताय

भरीतपुरी
पुण्यात ते वांगं मिळेना म्हणून केलं हो. भाजली तर आत नुसता लगदा. आता किसते, मीठ लावून पिळते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात घालून थालीपीठ लावते. पिळलेलं पाणी त्याच पिठात. त्यात मात्र कोवळी हिरवीच पाहिजे, जून झालेल्या फळाच्या बिया दाताखाली येतात.

पांझराकाठचा
थोडं मोठं लिहितोय, बस यायला वेळ आहे.

जातीवर भांडण्याआधी हंगाम बघा. या वेलवर्गात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ आधीच दिसतं. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की झाड नर फुलंच जास्त काढतं. थंडी आणि लहान दिवस असले की मादी जास्त. म्हणजे धुळ्यात फेब्रुवारीच्या शेवटी लावलेली पुसा अलंकार आणि नोव्हेंबरात लावलेली पुसा अलंकार यांचा हिशेब एकत्र मांडणं चूक. मूळ ती जात तयार झाली कुलू खोऱ्यातल्या कट्राईनच्या केंद्रात. तिला आपला एप्रिल दाखवायचा आणि म्हणायचं फळ धरत नाही!

दुसरं, परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी लागतेच. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. फळाचं टोक पिवळं पडून सडत असेल तर लोक लगेच बुरशीनाशक मारतात. पुष्कळदा तो रोग नसतोच, फूल नीट फळलेलं नसतं. सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवून बघा चार झाडांवर, लगेच कळेल. आणि फवारणी करायचीच तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर.

आली बस.

गिलक्याची_भजी
आमच्याकडे गिलके. पुसा चिकनी आणि गावठी दोन्ही मांडवावर. चिकनी लवकर सुरू होते, गुळगुळीत, बाजारात पटकन उचलतात. गावठी उशिरा येते. पण भज्यांना गावठीच!! चकती जाड कापली तरी आत मऊसूत होते. सासूबाई तर चिकनीला भाजी म्हणायला तयार नाहीत. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले प्राजक्ता ही गिलक्याची जात लावलीय का कुणी? बियाणं आणलंय, अजून टाकलं नाही.

शेवभाजी_तिखट
गिलक्याची भजी वाचून भूक लागली, धागा बंद करतो

मेहरूणची_बोर
फुले प्राजक्ता आमच्याकडे होती. हिरवी, मध्यम लांब, धरते चांगली. फळमाशीने मात्र जीव खाल्ला. क्यू-ल्युअरचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या गोळीचे) सापळे फुलं यायच्या आधी टांगा, नंतर टांगून उपयोग नाही. डंख मारलेली फळं बांधावर टाकू नका, पुरा. तिथेच पुढची पिढी तयार होते.

नंदुरबारी
काय सांगू भो. आम्ही झुकिनी लावली ती दुकानदाराने "सुरतले हातोहात जास" म्हटलं म्हणून. माल जबरदस्त आला. ठिबक, मल्चिंग, सगळं केलेलं. हायब्रीड हिरवी, काटे कमी, झाड उभं वाढणारं, तोडणीला सोपं. पण ही फळं थांबत नाहीत. 15-20 सेंमीला तोडायची ती दोन दिवस राहिली की दुधीएवढी. आडत्याने तीन क्रेट बाजूला काढले, "ये तो लौकी है." आणि मोठं फळ झाडावर राहिलं की झाड सगळा जोर त्यालाच देतं, नवीन फळ धरणं मंदावतं. म्हणून ऐन भरात एक दिवसाआड तोडा पाहिजेच, लग्न असो की आखाजी (अक्षय्य तृतीया). मजूर नसेल तर लावू नका. जात नंतर निवडा.

गिलक्याची_भजी
आखाजीला तोडा 😅 आमच्याकडे त्या दिवशी घरात कुणीच सापडणार नाही. सगळ्या माहेरी, झोक्यावर.

ठिबकवाला
हायब्रीडचं बी घरी धरू नका एवढंच सांगायला आलो. मित्राने धरलं. पुढच्या वर्षी एकाच सरीत गोल, लांब, पट्ट्यांची, पांढरट, सगळं वऱ्हाड.

पांझराकाठचा
@ठिबकवाला आणि घरच्या बियाची फळं कडू लागली तर शिजवूनही खाऊ नका. कडवटपणा ज्याने येतो ते द्रव्य पोट बिघडवतं, उलट्या होतात, शिजवून जात नाही. दुधीचंही तसंच. कापताना एक चकती जिभेला लावून बघायची, कडू वाटली की थुंकून अख्खं फळ फेकायचं.

भरीतपुरी
आई दुधीचं देठ कापून चाखायची ते याचसाठी होय! आम्हाला वाटायचं तिला आवडतं.

तापीकाठ
आमच्याकडे पण! काकडीचं टोक घासून फेस काढायचे, तो प्रकार वेगळा.

@नंदुरबारी दादा, भुरी किती आली? आमच्या चारही जातींवर जानेवारीत पांढरी भुकटी आलेली. पट्टीपॅन त्यातल्या त्यात टिकली, पिवळीची पानं आधी गेली.

नंदुरबारी
आली ना. गंधक मारलं. ऊन नव्हतं तेव्हा ठीक, एकदा गरमीत मारलं तर पानंच करपली. वेलवर्ग गंधकाला नाजूक, हे बाटलीवर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचायचं.

केळीवाला
पट्टीपॅनसारखी चपटी एक लुधियानाची पण आहे, पंजाब छप्पन कद्दू 1. लवकर येते. आमच्या भाच्याने भडगावला टाकली होती परसात, विकायला नाही. तो म्हणतो आजूबाजूच्या बायका वानवळा म्हणून घेऊन गेल्या आणि नंतर विचारायला आल्या, याचं करायचं काय?

मेहरूणची_बोर
फुलांची भजी करायची! नर फुलं तशीही जास्त असतात. गंगाफळाच्या फुलांची करतो तशीच, फक्त आतला दांडा काढायचा.

शेवभाजी_तिखट
परत भजी. मी काय घोडं मारलंय तुमचं

गिलक्याची_भजी
प्राजक्ताचं बी या रविवारी टाकते. @मेहरूणची_बोर सापळ्यातली गोळी किती दिवसांनी बदलायची? आणि तुमच्याकडे पाणी आलं का, आमच्या पाटाला अजून नाही.