सोडियम सारखं कमी होतंय, नाशिकात एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) सुचवा

द्राक्षबाग_निफाड:
नमस्कार मंडळी, वडील वय ५२, दोन वर्षांपूर्वी छाटणीच्या टायमाला बागेत घोणस चावली, किडनी बंद पडली, डायलिसिसवर होते पण वाचले. आता सात-आठ महिने झाले अंगात त्राणच नाही, जेवण जात नाही, उठलं की चक्कर, बीपी ९० च्या वर जात नाही आणि वैशाखात आम्ही घामाघूम तर हे स्वेटर घालून ओट्यावर बसलेले. रक्तातलं सोडियम दोनदा ११८ इतकं कमी आलं, सलाईन लावून घरी पाठवतात, महिन्याभरात पुन्हा तेच. थायरॉइड नॉर्मल म्हणाले. आई म्हणते रोज दाढी करणारा माणूस, आता पंधरा दिवस केली नाही तरी गाल गुळगुळीत. काय करू?

सिडकोची_ताई:
दादा, दाढीचं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या दिरांना सिन्नरला घोणसच चावली होती आणि सेम असंच. घोणसच्या विषाने मेंदूखालची, बाकी हार्मोन ग्रंथींना चालवणारी पिट्युटरी ग्रंथी निकामी होऊ शकते, कधी लगेच कळतं, कधी वर्षांनी. थायरॉइडची नुसती टीएसएच केली होती का? टीएसएच म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, ते पिट्युटरीच बनवते, त्यामुळे पिट्युटरीच बिघडली तर आकडा नॉर्मल दिसून फसवतो. फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन), सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन करा, मग पिट्युटरीचा एमआरआय. आणि हे नीट वाचा, कॉर्टिसॉल बघितल्याशिवाय थायरॉइडची गोळी कुणी दिली तरी सुरू करू नका, कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (त्याच्या जागी द्यायचं स्टेरॉइड) लागतं, उलटं झालं तर जिवावर बेततं. डॉक्टरांना साप चावल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, आम्ही सांगितलंच नव्हतं त्यात वर्ष गेलं.

पंचवटी_एक्सप्रेस:
ताई बरोबर बोलल्या. कॉलेज रोड, गंगापूर रोडला बघा, डिग्रीत डीएम एंडोक्रायनॉलॉजी लिहिलंय का ते पाहून जा, नुसतं शुगर क्लिनिक नको. खर्च झेपत नसेल तर मुंबईला केईएममध्ये वेगळा विभाग आहे, सकाळची पंचवटी धरून दादरला उतरा. पण उलट्या झाल्या, गुंगी आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी.

द्राक्षबाग_निफाड:
फाईल काढून बघितली, खरंच टीएसएचच आहे फक्त. उद्या सकाळी ८ ला रक्त देतोय.

(दहा दिवसांनी) कॉर्टिसॉल १.२ म्हणजे फारच कमी आलं, फ्री टी४ पण कमी. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, सोडियम १३५ वर आलं. काल आप्पांनी स्वतःहून दुसरी भाकरी मागितली. पण आई स्टेरॉइड नाव ऐकून घाबरलीय, बंद करा म्हणते.

सिडकोची_ताई:
अजिबात नाही!! शरीर जे बनवत नाही तेवढंच देतोय, हे काकूंना सांगा. ताप आला तर डोस दुप्पट करायचा असतो, उलटीत गोळी टिकली नाही तर इंजेक्शन, दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद आप्पांच्या खिशात ठेवा.