विषय: गुहागरचा गीझर गळतोय, गणपतीआधी बदलावा का?

मंदा:
मंडळी, घाईत लिहितेय. सकाळी गुहागरहून इथे मस्कतला बाबांचा फोन आला, न्हाणीतला गीझर खालून टपटपतोय आणि पाणीही पूर्वीसारखं तापत नाही. प्लंबर म्हणतो ११ वर्षं झाली, वय झालं, काढून टाका. दादा ठाण्याहून म्हणतो फक्त कॉइल बदला, उगाच खर्च नको. गणपतीला घर भरलेलं असतं हे तुम्हाला माहितीच आहे, आईच्या गुडघ्यांमुळे गार पाणी चालायचं नाही आणि बाबा कोणाला न विचारता स्वतःच खोलायला बसतील याची मला जास्त भीती वाटते. पंपाच्या वेळी जशी मदत केलीत तशी आत्ता करा. गीझर टिकतो तरी किती?

श्रीधर:
मंदा, आधी बाबांना मेन स्विच खाली करायला सांग, नुसतं भिंतीवरचं बटण नाही. मग बाकीचं.

ढोबळमानाने ८ ते १० वर्षं, पण नुसत्या वयावरून गीझर काढूही नये आणि ठेवूही नये. गळतंय कुठून ते बघ. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त तापताना थेंब पडत असतील तर तो बिघाडच नव्हे, २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ ला गेलं की साधारण ४०० मिली फुगतं आणि व्हॉल्व्हमध्ये नॉन रिटर्न असेल तर ते मागे जाऊ शकत नाही, मग बाहेरच येणार. कॉइल जिथे बसते त्या गोल प्लेटचं गॅसकेट कडक होऊन पाझरत असेल तर तेही थोडक्यात भागतं. पण बाहेरच्या कव्हरच्या सांध्यातून तांबूस पाणी येत असेल तर आतली टाकी गेली. तिला वेल्डिंग करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर ऐकू नका, आतलं काचेचं अस्तर त्या उष्णतेने आणखी तडकतं.

गीझर कोरडा पुसून घ्यायचा, खाली वर्तमानपत्र पसरायचं, दोनेक तासांनी डाग कुठे पडलाय आणि कसल्या रंगाचा ते बघायचं. फोटो पाठव.

सुनीता:
श्रीधरभाऊ म्हणतात ते ठीक, पण माझ्या नणंदेकडे पुण्याला बोअरचं पाणी आहे, तिथे कॉइलवर पांढरा थर इतका धरतो की खरवडून काढल्याशिवाय पाणी तापतच नाही. मंदाकडेही तापत नाहीये म्हणजे क्षारच असणार. कंपनीचा माणूस बोलावून दरवर्षी सर्व्हिसिंग करायलाच हवं.

बाळा:
सुनीतावहिनी, पुण्याचा हिशोब आमच्याकडे लावू नका. जांभ्या दगडातलं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, थर फारसा धरत नाही. आमच्याकडे टाकी जाते ती गंजाने. वेंगुर्ल्याला आमची विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की मचूळ लागायला लागतं, आणि ते मीठ आधी टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड खातं, रॉड संपला की मग टाकीचा नंबर. भावाने खालची प्लेट उघडली तेव्हा रॉडची मधली लोखंडी तार तेवढी उरली होती, तिला करड्या रंगाचे दोन-तीन खडे चिकटलेले आणि तळाला लालसर चिखल. प्लंबर म्हणाला गाळ आहे, तर आई म्हणाली, "गाळ खंयचो, गंज आसा तो."

हा रॉड काही शे रुपयांत मिळतो, पण टाकीत असा रॉड असतो हेच कोणी सांगत नाही. विहीर किनाऱ्याजवळ असेल तर दरवर्षी पावसाआधी उघडून बघावा. आणि स्टेनलेसची टाकी घ्या म्हणणारे भेटतील, साधं ३०४ स्टेनलेससुद्धा खाऱ्या पाण्यात वेल्डिंगच्या सांध्यापाशी बारीक भोकं पडून जातं.

वैशाली (सचिव):
ही लिस्ट मुळात कार्यक्रमांसाठी आहे. घरगुती चौकशीच्या मेलला विषयात "गावचं घर" लिहायचं असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. मोदकांची संख्या अजून निम्म्या घरांनी कळवलेली नाही, रविवारपर्यंत कळवा.

श्रीधर:
वैशालीताई, विषय पुढच्या वेळी लिहू, आत्ता मधेच बदलला तर मेल दोन ठिकाणी विखुरतील. पंपाच्या वेळी तेच झालं होतं.

नानाकाका:
आमच्याकडे दापोलीला न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा अजून आहे. नारळाची सोडणं, झावळ्या आगरातच पडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं त्यानंतर विजेचा पत्ता नव्हता, खांबच आडवे झालेले, तेव्हा सगळ्या आळीला गरम पाणी त्या हंड्यातून गेलं. मंदा, गीझर कुठला घ्यायचा तो घे, पण हंडा मोडीत देऊ नको. आणि कोणी गॅस गीझरचं डोक्यात घालेल, तर बंद न्हाणीत तो अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

सुनीता:
नानाकाका, हंडा तांब्याचा आहे, टिकणारच, पण पावसात सोडणं ओली असतात आणि तो धूर, शिवाय मंदाच्या आईने त्या गुडघ्यांनी चुलीपुढे उकिडवं बसायचं का? सासूबाईंचा खोकला त्या धुरानेच वाढला असं मला आजही वाटतं. आपण इथे मस्कतला उन्हाळ्यात गीझर बंद करून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरतो, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याला हात लाववत नाही. तिथे म्हाताऱ्या माणसांना पावसाळाभर रोज गरम पाणी लागतं.

मंदा:
फोटो आले. व्हॉल्व्ह कोरडा आहे, कव्हरच्या सांध्याला तांबूस ओघळ आणि पेपरवर डागही तसाच. म्हणजे टाकीच ना? पण मग पाणी कमी का तापतं? दादा अजून कॉइलवरच अडून आहे. शिवाय मामा सोलर घ्या म्हणून मागे लागलेत.

श्रीधर:
टाकीच. त्यात नवी कॉइल घातली तर ते पैसेही जातील. कमी तापण्याचं मात्र व्होल्टेज तपासून घे, वायरमनकडून, बाबांकडून नाही. संध्याकाळी १८० वर आलं तर २००० वॅटचा गीझर जेमतेम १२०० वॅटने चालतो. १५ लिटर पाणी ६० अंशांना जायला जिथे १८-२० मिनिटं पुरायची तिथे अर्धा तास लागतो. नव्या गीझरलाही हेच होणार, दादाला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर उद्या नव्यावर खापर फोडेल.

सोलर चांगला, पण जून ते सप्टेंबर ऊन नसताना विजेची कॉइल लागतेच, म्हणून गणपतीआधी त्यात पडू नको.

घेताना काचेचं अस्तर आणि मॅग्नेशियम रॉड असलेला घे, बाळा म्हणतो ते अगदी बरोबर आहे. बाहेरचं कव्हर प्लास्टिकचं, खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. टाकीची वॉरंटी आणि कॉइलची वॉरंटी वेगवेगळी असते, दुकानातच कार्ड वाचून घ्या. १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यात काटकसर नको, हे गीझरपेक्षा महत्त्वाचं आहे. अर्थिंग आत्ता पावसात मोजलं तर चांगलंच दिसेल, जांभा सुकला की बिघडतं, तेव्हा मे महिन्यात परत मोजून घ्या.

नानाकाका:
मंदा, माझा पुतण्या वायरिंगचीच कामं करतो, शुक्रवारी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरला जातोय. जुना उतरवून व्होल्टेजही बघेल. तोवर प्लंबरला हात लावू देऊ नका. नंबर तुला वेगळा पाठवतो. वैशाली, आमचे मोदक २१ लिही.